ऑपरेशननंतरचा श्वास: पहिल्यांदाच उशाशी बसणाऱ्यांसाठी

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते, मग रजा, मग डब्याची सोय. सर्जनला लोक खूप प्रश्न विचारतात. श्वासाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझं बहुतेक काम तालुक्याच्या गावांतलं. ऑपरेशन उत्तम झालं आणि नंतर रुग्ण श्वासामुळे बिघडला, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. हेही पाहिलं आहे की तो बिघाड बऱ्याचदा सगळ्यांत आधी उशाशी बसलेल्या माणसाला दिसतो. ‘मघापासून जरा वेगळाच श्वास चाललाय’ हे त्याच्या मनात येऊन जातं, पण सिस्टरना उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून तो गप्प राहतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या

पूर्ण भुलीत स्नायू सैल पडतात, पोट आणि छाती यांच्यामधला पडदा वर सरकतो आणि फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग थोडा मिटतो. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. धडधाकट माणूस जागा झाला, उठून बसला, खोकला, की तो भाग पुन्हा उघडतो. पण टाके दुखतात म्हणून माणूस वरवरचा श्वास घेत राहिला, खोकला दाबत राहिला, तर मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, बेडका साचतो आणि तिथे न्यूमोनिया धरतो.

दुसरी अडचण औषधांची. भुलीची आणि दुखण्यावरची कडक औषधं मेंदूतून येणारी ‘श्वास घे’ ही आज्ञाच मंद करतात. तिसरी घशाची: गुंगीत जीभ आणि घसा सैल पडून हवेची वाट अरुंद होते. चौथी पोटाची: पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासनळीत जातं. पुढे जे जे सांगणार आहे ते बहुतेक या चारांतल्या कशाशी तरी जोडलेलं आहे.

जखम त्या पडद्याच्या जितकी जवळ, तितका श्वासाचा धोका जास्त. हातापायाच्या ऑपरेशनपेक्षा पित्ताशय, जठर, छाती यांच्या ऑपरेशनमध्ये जपावं लागतं. घाईघाईत करावं लागलेलं किंवा दोन-तीन तासांहून लांबलेलं ऑपरेशन असेल तर आणखी.

पहिली पायरी: फिटनेसच्या दिवशी सगळं खरं सांगा

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात, त्याला आपल्याकडे ‘फिटनेस काढणं’ म्हणतात. कागदावर सही घ्यायची एक औपचारिकता, असं समजून लोक तिथे घाईने ‘हो-नाही’ करतात. माझ्या मते ऑपरेशनआधीचा सगळ्यांत मोलाचा अर्धा तास हाच असतो. रुग्णासोबत घरातलं असं माणूस जाऊ द्या, ज्याला त्याच्या सवयी ठाऊक आहेत.

तंबाखूचं सांगताना लोक लपवतात, किंवा त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. मशेरी लावणाऱ्या आजींना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. ती तंबाखूच आहे, सांगाच. गुटखा-सुपारीचं तर वेगळंच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी वर्षानुवर्षं तो खाल्ल्याने गालाच्या आतली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासं झालेले तरुण माझ्यापुढे येतात. पूर्ण भुलीत बऱ्याचदा श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि तोंडच उघडत नसेल तर ते काम फार अवघड होऊन बसतं. घरीच पाहा: रुग्णाची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये शिरतात का? शिरत नसतील तर हे भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवं. मग ते वेगळ्या साधनांची तयारी ठेवतात, किंवा रुग्ण जागा असतानाच दुर्बिणीवरून नळी घालतात. ऐन वेळी टेबलावर कळलं तर एकेक मिनिट महागात जातं.

डॉक्टर तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावतात तेही याचसाठी. घशामागचं किती दिसतं यावरून नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज बांधतात. ही पद्धत मूळ भारतीय असलेल्या डॉ. शेषगिरी राव मल्लमपती यांनी 1985 मध्ये मांडली आणि आज जगभर ती त्यांच्याच नावाने चालते.

घोरण्याचं बायकोने किंवा नवऱ्याने सांगावं, कारण घोरणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो. मोठ्याने घोरतात का, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे झोपेत श्वास मध्येच थांबून मग दचकून घुसमटल्यासारखा सुरू होतो का? सोबत रक्तदाब, जाड मान, वाढलेलं वजन आणि वय 50 च्या पुढे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचा संशय घ्यायला हवा. अशा माणसाला ऑपरेशननंतर कडक वेदनाशामक दिलं की घरी जे रात्री होतं तेच, पण जास्त खोल होतं. घरी सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) असेल तर मास्कसकट दवाखान्यात न्या.

चुलीचंही सांगा. आयुष्यात बिडी न ओढलेल्या, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बायकांची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्यांसारखी खराब झालेली असू शकतात. ‘जिना चढताना मला मध्ये थांबावं लागतं’ हे एक वाक्य पुष्कळ काही सांगून जातं.

याशिवाय: दमा आणि त्याचे पंप, महिन्याभरात झालेला सर्दी-खोकला किंवा ताप, हलणारे दात, कवळी, औषधांची अॅलर्जी, आधीच्या भुलीत झालेला त्रास. जवळच्या नात्यात कुणाला छोट्या ऑपरेशननंतर विनाकारण बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं का, हेही. काही घराण्यांत एका विशिष्ट औषधाचा असर उतरायला तास न् तास लागतात आणि तो दोष रक्ताच्या नात्यात चालत येतो. वजन किंवा साखर कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शनं (सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड) चालू असतील तर न विसरता सांगा. त्यांनी पोट रिकामं व्हायला उशीर लागतो, त्यामुळे उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं.

दुसरी पायरी: हाताशी असलेले दिवस वापरा

ठरवून करायच्या ऑपरेशनला बहुधा दोन-चार आठवडे मिळतात. ते वाया जाऊ देऊ नका.

बिडी-सिगारेट आजच थांबवा. चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर छातीच्या तक्रारी स्पष्टपणे कमी होतात. ‘आता दोन दिवसांसाठी सोडून उलट खोकला वाढेल’ असं म्हणून ओढत राहणारे पुष्कळ भेटतात, पण त्या भीतीला आधार नाही. एक दिवस थांबलं तरी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातून बराचसा निघून जातो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद सुधारते.

श्वासाचे व्यायाम ऑपरेशनच्या आधी शिका. यावर माझा फार भर आहे, कारण ऑपरेशननंतर, दुखत असताना, गुंगीत, नवीन काही शिकणं जमत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची मोठी ऑपरेशनं व्हायची होती अशा 441 जणांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. उरलेल्यांना त्यासोबत ऑपरेशनआधी एकदाच, सुमारे अर्धा तास, फिजिओथेरपिस्टने समोर बसवून श्वास कसा घ्यायचा आणि तो का घ्यायचा हे शिकवलं. त्या गटात छातीच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या. अर्ध्या तासाच्या शिकवणीने एवढं साधत असेल तर गावात फिजिओथेरपिस्ट आहे का, याची चौकशी करायलाच हवी. दमा असेल तर पंप नियमित घ्या, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा, आणि तो पिशवीत घाला. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर ते वाढवायला वेळ आहे का हे डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांचं थोडं वेगळं. नाक वाहत असेल, खोकला असेल तर भूल देताना किंवा उतरताना स्वरयंत्र एकदम आवळलं जाण्याचा धोका वाढतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्या मुलाला हा धोका तसाही जास्त असतो. तारीख ठरलीय, रजा टाकलीय, आजी गावाहून आलीय, म्हणून सर्दी लपवू नका. मूल नेहमीसारखं नाही, ताप आहे, पिवळा शेंबूड आहे, छातीत घरघर आहे, असं दिसलं तर डॉक्टर तारीख साधारण दोन आठवडे किंवा जास्त पुढे ढकलतात. त्यांचा राग करू नका.

तिसरी पायरी: उपाशी म्हणजे नक्की काय

एका आजींना मी टेबलावर घेण्याआधी विचारलं होतं, “आजी, सकाळपासून काही खाल्लं का?” त्या म्हणाल्या, “काही नाही गं बाई, देवाची शपथ.” भूल दिल्याबरोबर तोंडातून दुधाळ चहा वर आला. आम्ही लगेच टेबलाचं डोकं खाली केलं, घसा ओढून साफ केला, नळी घातली. आजी दोन दिवस आयसीयूत राहून बऱ्या झाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्या भाषेत चहा ‘पितात’, आणि मी ‘खाल्लं का’ एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून मी विचारते: पाणी किती वाजता? चहा किती वाजता? बिस्कीट, औषध, प्रसाद, तीर्थ, तंबाखू, सुपारी? तुमच्या डॉक्टरांनी असं विचारलं नाही तरी तुम्ही असंच सांगा.

ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी साधारण नियम असा: साधं पाणी किंवा कोरा चहा 2 तास आधीपर्यंत, आईचं दूध 4 तास, वरचं दूध आणि हलकं खाणं 6 तास, तळलेलं किंवा मटणासारखं जड जेवण 8 तास. दुधाचा चहा म्हणजे दूधच. तुमच्या दवाखान्यात यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. मधुमेह जुना असेल, आम्लपित्ताचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा अपघातानंतरच्या वेदना असतील तर पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे तास मोजूनही खात्री नसते.

हा नियम कुठून आला तेही सांगते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये 44,016 बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यांत 66 बायकांच्या फुफ्फुसात भुलीखाली पोटातलं गेलं होतं. घट्ट अन्न गेलं तर वाट बंद होते आणि आम्ल गेलं तर फुफ्फुस भाजून निघतं, हे त्यांनी वेगवेगळं दाखवून दिलं.

उलट टोकही बरं नाही. ‘बारानंतर पाण्याचा थेंब नको’ म्हणून लहान मुलाला दुपारपर्यंत कोरडं ठेवतात आणि मूल रडून रडून बेजार होतं. एनबीएम (तोंडाने काहीही न घेणं) कधीपासून, पाणी कधीपर्यंत चालेल, हे घड्याळाच्या आकड्यांत विचारून फाईलवर लिहून घ्या.

नखांचा रंग आदल्या दिवशी काढा, निदान दोन बोटांचा. मेंदी असेल, विशेषतः काळी, तर सांगा. बोटाला लावतात तो चिमटा नखातून प्रकाश पाठवून प्राणवायू मोजतो.

चौथी पायरी: आत गेल्यावर

इथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या सुरक्षा यादीत भूल देण्याआधी विचारायचा एक प्रश्नच असा आहे: या रुग्णाला नळी घालणं अवघड जाईल का, किंवा पोटातलं वर येण्याचा धोका आहे का? तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला जे खरं सांगितलं ते इथे उपयोगी पडतं.

पाठीतल्या इंजेक्शनने भूल दिली तर रुग्ण जागा असतो. कधी कधी तो घाबरून म्हणतो, “श्वासच येत नाही.” बहुतेक वेळा छातीची बधिरता वर आल्याने श्वास ‘कळत’ नसतो, पण चालू असतो. मात्र हात जड वाटत असतील, आवाज पुटपुटल्यासारखा होत असेल, तर बधिरता फार वर चढलेली असू शकते. रुग्णाला आधीच सांगून ठेवा: असं काही वाटलं तर लाजू नको, लगेच बोल.

पाचवी पायरी: पहिले चोवीस तास, म्हणजे तुमची खरी पाळी

रुग्ण वॉर्डात आला की सगळे त्याच्या टाक्यांकडे आणि सलाइनकडे बघतात. तुम्ही छातीकडे बघा.

मोबाइलवर एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. वर-खाली मिळून एक. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ‘मी श्वास मोजतोय’ असं रुग्णाला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे शांत पडून असताना 12 ते 20 भरतात. ब्रिटनमधल्या वॉर्डांत वापरतात त्या तक्त्यात 8 किंवा कमी आणि 25 किंवा जास्त या दोन्ही टोकांना सर्वाधिक गंभीर धरतात. पहिले काही तास दर अर्ध्या तासाने मोजून वेळेसकट कागदावर लिहा. सिस्टरना “दम लागल्यासारखं वाटतंय” म्हणण्यापेक्षा “दोनला 16 होते, आता 28 आहेत” असं सांगितलं तर त्या धावत येतात.

आता चिमट्याबद्दल, म्हणजे ऑक्सिमीटरबद्दल. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात यामागचं तत्त्व शोधलं, आणि भूलशास्त्र त्यानंतर खूपच सुरक्षित झालं. कोरोनात तो घरोघरी पोचला, त्यामुळे आता सगळे आकडाच बघतात. पण नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना आकडा 98 दिसत असूनही श्वास मिनिटाला सहा असू शकतो. आत येणारा प्राणवायू पुरेसा आहे एवढंच तो आकडा सांगतो. घाणेरडी हवा बाहेर पडतेय की आत साचतेय हे तो सांगत नाही. ती साचली की माणूस आधी सुस्त होतो, मग उठेनासा. त्यामुळे आकडा आणि मोजणी दोन्ही ठेवा. सावळ्या कातडीवर तो आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती एका वाक्याची: “छान झोपलेत, मस्त घोरताहेत.” ऑपरेशनच्या दिवशी घोरणं म्हणजे हवेची वाट अर्धी बंद असणं. आवाज देऊन उठवा. डोळे उघडून नाव सांगितलं, घोरणं थांबलं, तर डोकं उंच करा, सिस्टरना कळवा आणि लक्ष ठेवा. उठत नसेल, किंवा उठून लगेच पुन्हा बुडत असेल, तर मोठ्याने हाक मारून सिस्टरना बोलवा आणि त्या येईपर्यंत हनुवटी हळूच वर उचलून धरा. घोरता घोरता आवाज एकदम बंद झाला आणि छाती आत, पोट वर अशी उलटसुलट हालचाल दिसली, तर वाट पूर्ण बंद झालेली असू शकते. क्षणही दवडू नका.

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल यांसारखी औषधं चालू आहेत का ते विचारा. पाठीच्या इंजेक्शनमधून मॉर्फिन दिलं असेल तर त्याचा परिणाम चोवीस तासांपर्यंत कधीही दिसू शकतो. रुग्णाला वेदनेसाठी स्वतः दाबायचं बटण दिलं असेल तर ते त्यानेच दाबायचं. ‘झोपेत दुखू नये’ म्हणून तुम्ही दाबू नका. गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही, हीच त्या यंत्राची सुरक्षितता आहे. घरून आणलेली झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका.

पण याचा अर्थ दुखणं सोसावं असा मुळीच नाही. आपल्याकडे, विशेषतः बायका, ‘सोसतं मला, नको इंजेक्शन’ म्हणत राहतात. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, कूस बदलत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आणि पिवळा बेडका घेऊन बसतात. खोल श्वास घेता येईल आणि खोकता येईल इतपत दुखणं कमी झालंच पाहिजे. राउंडला डॉक्टर आले की ‘दुखतं का?’ला ‘थोडं’ असं मोघम उत्तर देऊ नका, “खोकता येत नाही” असं सांगा.

गुंगीत असलेल्याला पाण्याचे घोट, पेज, चहा देऊ नका, परवानगी मिळाली तरी तो नीट बसून स्वतः गिळू शकेल तेव्हाच. ऑक्सिजनचा मास्क बोलायला म्हणून काढू नका. आणि त्याचा खटका स्वतः वाढवू नका. जुना फुफ्फुसाचा आजार असलेल्यांना डॉक्टर मुद्दाम आकडा 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतात.

पुढचं काही दिसलं तर वाट न बघता सिस्टर, आणि त्या नसतील तर ड्युटी डॉक्टर: ओठ किंवा जीभ निळसर, एक वाक्य सलग बोलता न येणं, श्वास घेताना शिटीसारखा किंवा कर्कश आवाज, अचानक छातीत दुखून दम, फेसाळ किंवा गुलाबी बेडका, आधी नीट बोलणाऱ्याचं एकाएकी बरळणं. थायरॉइडचं किंवा मानेचं एखादं ऑपरेशन झालं असेल आणि मान सुजत चाललीय, आवाज बदललाय, गिळवत नाही असं दिसलं, तर ती सूज आतल्या रक्तस्रावाची असू शकते आणि श्वासनळी दाबू शकते. अशा वेळी डॉक्टर खाटेवरच टाके उघडतात, इतकी ती घाईची गोष्ट आहे.

सहावी पायरी: फुफ्फुस उघडं ठेवणं

डॉक्टरांनी उताणं पडून राहायला सांगितलं नसेल तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवा. जागं असताना दर तासाला दहा खोल श्वास: नाकाने सावकाश आत, तीन-चार सेकंद थांबून, सावकाश बाहेर. चक्कर आली तर मध्ये थांबा. मग उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरून दोन-तीनदा खोका. टाके तुटतील ही भीती सगळ्यांना असते; उशीचा आधार असेल तर नेहमीच्या खोकल्याने ते तुटत नाहीत. डोळ्याच्या किंवा मेंदूच्या ऑपरेशननंतर मात्र खोकायचं की नाही हे सर्जनला विचारूनच.

तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देतात, ते बहुतेक जण फुंकतात. ते ओढायचं असतं. नळी ओठांत धरून स्ट्रॉने सरबत ओढावं तशी हवा आत घ्यायची. आणि तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यात काही अर्थ नाही. एकच गोळी वर उचलून शक्य तितका वेळ तरंगत ठेवली तर हवा फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. यंत्र उभं धरा, आडवं केलं की गोळ्या फुकटच वर जातात. यंत्र मिळालं नाही म्हणून हळहळू नका. खोल श्वास, खोकला आणि चालणं मिळून त्याच्याइतकं काम करतात.

ज्यांना प्राणायामाची सवय आहे त्यांना सावकाश दीर्घ श्वास चटकन जमतो. त्याचा फायदा घ्या, पण कपालभाती आणि भस्त्रिका पोटाच्या ऑपरेशननंतर सर्जन परवानगी देईपर्यंत नको. पोटाचा पट्टा लावला असेल तर तो बसल्यावर दोन बोटं आत जातील इतका सैल असावा. करकचून बांधलेल्या पट्ट्याने श्वास वरच्या वर राहतो.

आणि चालवा. डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी खुर्चीत, दुसऱ्या दिवशी संडासपर्यंत, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. ‘बिचारे थकलेत, पडू दे’ या मायेने फुफ्फुस मिटतं आणि पायात रक्ताच्या गाठी धरतात.

भूल ‘छोटी’ असली तरी

एन्डोस्कोपी, दाताचं काम, एमआरआयसाठी मुलाला दिलेली गुंगी, यांना लोक ऑपरेशनच समजत नाहीत. औषधं बऱ्याचदा तीच असतात. उपासाचे तास तेच, सोबत माणूस हवं तेही तेच. एन्डोस्कोपीआधी घशात बधिरतेचा फवारा मारला असेल तर घसा जागेवर येईपर्यंत, साधारण तासभर, काही गिळू देऊ नका. नंतर आधी पाण्याचा एक घोट, ठसका लागला नाही तर पुढचं. त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नाही. लहान मूल गाडीत मागच्या सीटवर मान पुढे टाकून झोपलं तर हनुवटी छातीला टेकून वाट बंद होऊ शकते. मागे त्याच्या शेजारी एक जण बसलाच पाहिजे.

घरी आल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत ताप, वाढता खोकला, पिवळा-हिरवा बेडका, कालपेक्षा आज जास्त दम, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, किंवा अचानक दम लागून श्वास घेताना छातीत टोचत असेल, तर पायातली गाठ फुफ्फुसात गेल्याची शक्यता धरतात. खुब्याच्या, गुडघ्याच्या आणि कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हा धोका कित्येक आठवडे राहतो. अशा वेळी पाय चोळू नका, 108 ला फोन करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं लिहून दिली असतील तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद करू नका.

डिस्चार्जच्या कागदाचं एक काम राहतं. नळी घालायला अवघड गेलं होतं का, कोणत्या औषधाने त्रास झाला का, जागं व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला का, हे भूलतज्ज्ञांना विचारा आणि त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून, सही घेऊन ठेवा. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, घरातल्या आणखी एकाला पाठवा. पुढच्या वेळी, मग ते दहा वर्षांनी दुसऱ्या गावात का असेना, फिटनेसच्या टेबलावर तो कागद सगळ्यांत वर ठेवा.